करारात न लिहिलेली गाठ

गाठ मला जूनमध्ये आंघोळ करताना हाताला लागली, आणि साबणाचा फेस धुऊन व्हायच्या आत मी तिचं कारणही ठरवून टाकलं. चेंडू.

माझ्या धंद्यात हे कारण कुणालाही पटलं असतं. मी बेसबॉल खेळतो. हौस म्हणून नाही, करारावर सही करून. वय बत्तीस, राहायला सिडनीत, गिरावीनला. हिवाळ्यात, म्हणजे इथे जून ते ऑगस्ट, लोकांच्या परसात क्रिकेटची नेट आणि कृत्रिम गवत बसवून देतो, कारण इथे नुसत्या बेसबॉलवर घर चालत नाही. उन्हाळ्यात मी शॉर्टस्टॉप असतो. बेस म्हणजे धावणाऱ्याने गाठायचे कोपऱ्यांवरचे थांबे; त्यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. मारणारे बहुतेक उजवे, त्यामुळे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात दुष्ट चेंडू त्याच्याच वाट्याला. जमिनीवरून सरपटत आलेला चेंडू उचलायचा, ग्लव्हमधून न बघता बाहेर काढायचा आणि मारणारा पळत पहिल्या बेसवर पोचायच्या आत तिथे फेकायचा. कधी चेंडू ऐन वेळी उसळतो आणि हनुवटीला, बरगडीला, मांडीला लागतो. गार्ड घातलेलं असलं तरी कधी तिथेही लागतो.

मेमध्ये सरावात मला तसा एक लागला होता. म्हणून जूनमधली गाठ त्याची. दुखत नव्हती, फक्त जड वाटायचं. अकरा मोसमांत मी इतक्या सुजा पाहिल्या होत्या की ही एक आणखी.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुम्हालाही अशी गाठ लागली असेल, तर पुढचं नंतर वाचा. आधी जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, वेळ घ्या. मी घेतली नाही, आणि न घेण्यामागे नुसता मूर्खपणा नव्हता. हिशेबीपणा होता. तो जास्त वाईट.

सही

ऑगस्टमध्ये माझा करार संपत होता. घासाघीस मी स्वतःच करतो. एजंट ठेवला नाही, कारण माझ्याएवढा चिवट एजंट मला परवडला नसता. हे मी पप्पांकडून शिकलो. ते वसईहून केळी आणि भाजी घेऊन मुंबईच्या बाजारात जायचे, आणि सुट्टीत मी त्यांच्या टोपल्यांमागे बसायचो. त्यांचं एक तंत्र होतं. टोपलीत एखादा घड काळा पडला असेल तर गिऱ्हाइकासमोर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तुम्ही बघितलं की गिऱ्हाईक बघतं.

मी चौदा वर्षांचा असताना पप्पा गेले, आणि आई मला घेऊन सिडनीला मावशीकडे आली. तिने वृद्धाश्रमात कामं केली. मी शाळेत क्रिकेट खेळताना एका शिक्षकाने माझी चेंडू अडवण्याची पद्धत बघून मला बेसबॉलच्या मैदानावर नेलं. पुढे अमेरिकेत खालच्या लीगमध्ये दोन वर्षं काढली, तिथून एका फोनवर काढून टाकला गेलो, परत आलो, आणि तेव्हापासून याच क्लबचा शॉर्टस्टॉप. कुणी हात धरून वर चढवलेलं नाही.

तर ऑगस्टमध्ये आमचा मॅनेजर ग्रँट आणि मी कॉफी घेऊन बसलो. त्याला एका मोसमाचा करार हवा होता, मला दोन. वर मला करारात ‘शॉर्टस्टॉप’ हा शब्द हवा होता.

‘‘मेट, जागा कुणी करारात लिहीत नाही,’’ ग्रँट म्हणाला. ‘‘उद्या तुझा पाय मोडला तर?’’

‘‘मोडला तर बघू. आज धडधाकट आहे ना?’’

‘‘आहेस ना?’’

‘‘तुझ्यासमोर बसलोय.’’

दोन मोसम मिळाले, शब्द मिळाला नाही. फॉर्मवर एक चौकट होती, सध्या काही दुखापत आहे का. मी ‘नाही’वर खूण केली. टोपलीतल्या काळ्या घडाकडे बघितलं नाही.

टिया मांडीवर बसली

सप्टेंबरच्या शेवटी आमची चार वर्षांची टिया धावत आली आणि धप्पकन माझ्या मांडीवर बसली. मी ओरडलो. माझी बायको लीना समोर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्याने लपवलेल्या चुका शोधणं हे तिचं काम.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही. चेंडू लागला होता.’’

‘‘कधी?’’

‘‘मेमध्ये.’’

तिने लॅपटॉप मिटला. ‘‘जेरॉम, सप्टेंबर संपला.’’

दुसऱ्या दिवशी तिने मला जीपीकडे नेलं, तिथून त्याच दुपारी सोनोग्राफीला. सोनोग्राफी करणारी मुलगी आधी हवेबद्दल बोलत होती. मग ती हवेबद्दल बोलायची थांबली. हे लक्षात ठेवा, त्या खोलीत तुम्हाला कुणी काही सांगत नाही, पण ऐकू सगळं येतं.

जीपीने संध्याकाळी परत बोलावलं. तो शांत माणूस आहे. म्हणाला, ‘‘चेंडूने अशी गाठ होत नाही. चेंडूने एवढंच केलं की तुझा हात तिथे गेला. त्या चेंडूचे आभार मान.’’ मग तो कॅन्सर हा शब्द बोलला, आणि लगेच बरा होणारा हा शब्द बोलला, आणि मला दोन्ही शब्द एकाच वेळी ऐकू आले नाहीत. एकच आला.

गाडीत बसल्यावर लीना रडेल असं मला वाटलं होतं. ती भडकली.

‘‘क्लबपासून लपवलंस. ठीक आहे, तो तुझा धंदा. माझ्याशी कसली घासाघीस चालली होती तुझी? मी काय तुझा पगार कापणार होते?’’

मी पण भडकलो. म्हटलं, घर चालवायला दोन मोसमांची सही लागते, ती तुझ्या टेस्टिंगने होत नाही. हे खोटं होतं आणि नीचपणाचंही होतं, कारण निम्म्याहून जास्त घर तिच्याच पगारावर चालतं. पार्किंगमध्ये आम्ही इतके ओरडलो की ट्रॉली गोळा करणारा माणूस दोन ओळी पलीकडे गेला.

मग दोघांनाही भूक लागली. समोरच्या दुकानातून गरम चिप्स आणल्या, व्हिनेगर जास्त मारलेल्या. एकाच पुड्यातून खाल्ल्या. अर्धा पुडा संपल्यावर ती म्हणाली, ‘‘आता यापुढे मला पहिलं कळलं पाहिजे. ग्रँटच्या आधी, आईंच्या आधी, तुझ्याही आधी जमलं तर.’’ मी हो म्हटलं. त्या दिवशी मी केलेला तो एकमेव सौदा, आणि तोही तिने ठरवलेल्या भावाला.

गुरुवार

सर्जन बाई होत्या. गुरुवारी ऑपरेशन म्हणाल्या.

‘‘त्याच्या पुढच्या गुरुवारी चालेल का? पहिले चार सामने आहेत.’’

‘‘नाही.’’

‘‘शुक्रवार?’’

‘‘जेरॉम, हा बाजार नाही.’’

‘‘बरं. एक काढल्यावर उरलेल्या एकाने सगळं चालतं?’’

‘‘सगळं चालतं.’’

‘‘मग दुसरा दिलाच कशाला होता?’’

त्या पहिल्यांदा हसल्या. जाता जाता म्हणाल्या, हवं तर रिकाम्या जागी सिलिकॉनचा बसवता येतो. मी विचारलं, चेंडू लागला तर गॅरंटी आहे का? नव्हती. मग राहू दे म्हटलं.

त्याआधी बुधवारी एक काम होतं, ज्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. किमोने पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, त्यामुळे आधीच वीर्य साठवून ठेवतात. तुम्हाला कुणी आपणहून सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. आम्हाला दुसरं मूल हवं होतं. मला एका छोट्या खोलीत पाठवलं. भिंतीवर लाकडी बोटीचं चित्र होतं. बाहेर लीना गाडीत, मागे टिया पोहण्याचा गॉगल घालून, कारण नंतर तिचा पोहण्याचा क्लास होता. दहा मिनिटांनी लीनाचा मेसेज आला, ‘घाई नाही, पण क्लास चारला आहे.’ आयुष्यात इतक्या दडपणाखाली मी फायनलमध्येसुद्धा खेळलो नाही. जमलं. क्लासलाही वेळेवर पोचलो.

तोंडी वचन

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ग्रँट वॉर्डात आला. मी पाठीमागून उघडा असलेल्या त्या हॉस्पिटलच्या गाउनमध्ये पडलो होतो. त्याने माझा हात हातात घेतला. ‘‘तू बरा हो. जागा तुझीच आहे, मेट.’’

मी एका नेटचा सौदासुद्धा लिहून घेतल्याशिवाय करत नाही. पण गाउनमध्ये पेन ठेवायला खिसा नसतो, आणि मला रडू येत होतं.

दोन दिवसांनी, घरी सोफ्यावर उशा रचून पडलेलो असताना, क्लबने फोटो टाकला. नवा शॉर्टस्टॉप, जपानहून एका मोसमासाठी आलेला, केंता. चोवीस वर्षांचा. माझ्या जागी उभा, गुडघे वाकवून. खाली लिहिलं होतं, ‘आमचा नवा शॉर्टस्टॉप’. तात्पुरता नाही, बदली नाही. जपानच्या क्लबशी बोलणी दोन दिवसांत होत नाहीत हे मला कळत होतं. म्हणजे माझा हात हातात घेतला तेव्हा ग्रँटला ठाऊक होतं.

मी त्याला फोन करून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. टाके ताणले गेले. ग्रँटने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, ‘‘सही केलीस तेव्हा तुलाही काहीतरी ठाऊक होतं, जेरी.’’ आणि फोन ठेवला.

तो बरोबर बोलला, म्हणून मला जास्त राग आला. तो राग मी अजून पाळून आहे. आजारात माणसाला काहीतरी कडक धरून ठेवायला लागतं. कुणी जपमाळ धरतं. मी ग्रँट धरला.

माझी जागा परत मिळवायची. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं.

आईचा हर्निया

आईने वसईत सगळ्यांना फोन करून सांगितलं की जेरॉमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.

‘‘आई, खरं सांगायला काय होतं?’’

‘‘तुझ्या त्या जागेचं नाव मी फादरसमोर घेऊ?’’

‘‘फादरनाही असतेच की ती जागा.’’

‘‘गप बस.’’

ती चर्चमध्ये हर्नियासाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करत होती. मी म्हटलं, देव चुकीच्या ठिकाणी बरं करेल. तर म्हणाली, ‘‘त्याला मी खरं सांगितलंय, लोकांना नाही.’’

महिन्याभराने किमोमुळे माझे केस गेले, भुवयाही गेल्या. तेव्हा वसईहून सिल्वेस्टरकाकांचा व्हिडिओ कॉल आला. काका बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिले.

‘‘काय रे, हर्नियाला केस जातात?’’

मागे आई हातवारे करत होती. मी सांगून टाकलं. काकांनी मागे वळून काकू नाही ना ते बघितलं. मग आपला शर्ट पोटावरून थोडा वर करत म्हणाले, ‘‘मला पण चार महिन्यांपासून इथे काहीतरी लागतंय. तुझ्या काकूला बोललो नाही.’’ पुढच्याच आठवड्यात ते डॉक्टरकडे गेले. त्यांचा मात्र खरोखर हर्निया निघाला. आई म्हणाली, बघ, नोव्हेना फुकट गेली नाही.

खिडकीजवळची खुर्ची

किमोची खोली म्हणजे आरामखुर्च्यांची रांग. एका फेरीत सलग पाच दिवस जायचं, मग सुट्टी, मग पुढची फेरी. कॅन्सरच्या डॉक्टरांनी मला दोन रस्ते सांगितले होते. एकात तीन फेऱ्या, पण त्यातलं एक औषध फुफ्फुसांना त्रास देऊ शकतं. दुसऱ्यात ते औषध नाही, पण एक फेरी जास्त, आणि त्याने बोटं बधिर होण्याची शक्यता वाढते. मी धावणारा माणूस. मी फुफ्फुसं ठेवली आणि बोटं पणाला लावली. तुमच्यासाठी काय बरोबर ते तुमचे डॉक्टर सांगतील. मी एवढंच सांगेन की निवड करायला लावली तर ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ म्हणून हात झटकू नका. प्रश्न विचारा. मूर्खासारखे वाटले तरी.

तिथली नर्स ट्रेसी माझ्या तोडीची निघाली.

‘‘सुई उजव्या हाताला नको. तो फेकायचा हात आहे.’’

‘‘डाव्या हाताच्या शिरा पळपुट्या आहेत तुझ्या.’’

‘‘तीन दिवस डावा, दोन दिवस उजवा.’’

‘‘चार दिवस डावा, एक दिवस उजवा, आणि तू खिडकीजवळच्या खुर्चीसाठी रोज भांडायचं बंद करायचं.’’

मला डावा हात जास्त मिळाला म्हणून मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ एक म्हातारी बाई बसलेली दिसली, तेव्हा कळलं की ट्रेसीने कुणासाठी सौदा केला होता.

उलट्यांचं मी लिहीत नाही, त्यांची औषधं असतात, मागून घ्या. तोंडाला चव नसते हे मात्र खरं. आईने पाठवलेलं माशाचं लोणचं तेवढं लागायचं. त्याचा वास सुटला की शेजारच्या खुर्च्या सरकायच्या. टिया माझ्या टकलावर स्टिकर लावायची. एकदा मी तिला मराठीत विचारलं, ‘‘पप्पा कसा दिसतो?’’ ती म्हणाली, ‘‘लाइक अ नाइस एग.’’

दुसऱ्या फेरीत एका दुपारी केंता आला. एकटा, ट्रेनने, हातात संत्र्यांची जाळी. खुर्चीसमोर उभा राहून कमरेत वाकला. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. त्याने खिशातून कागद काढला. आमच्या मैदानाचं चित्र होतं, बेस काढलेले. शॉर्टस्टॉपच्या जागेवर पेन ठेवून त्याने हाताने चेंडू उसळल्याची खूण केली आणि माझ्याकडे बघितलं. त्याला विचारायचं होतं, इथे चेंडू कुठे दगा देतो?

मला ठाऊक होतं. गवत संपून माती सुरू होते तिथे, तिसऱ्या बेसच्या बाजूला, एक हातभर पट्टा आहे. तिथे चेंडू छातीपर्यंत उसळतो. अकरा मोसम मी तो पट्टा ओळखून होतो आणि एक पाऊल मागे उभा राहायचो. ते माझं भांडवल होतं. मी खांदे उडवले. ‘‘ठाऊक नाही.’’

तो पुन्हा वाकला आणि गेला. ट्रेसी सलाइनची बाटली बदलत होती. ती फक्त म्हणाली, ‘‘संत्री मात्र ठेवून घेतलीस.’’

पुढच्याच शनिवारी मी घरी फोनवर सामना बघत होतो. चेंडू त्या पट्ट्यावर आला, उसळला आणि केंताच्या ओठावर बसला. रक्त दिसलं. तीन टाके पडले. मी कागद घेऊन तो पट्टा आखला, एक पाऊल मागे उभा असलेला माणूस काढला आणि फोटो काढून त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, सुजलेल्या ओठांचा हसरा चेहरा. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. ग्रँटवरचा राग टिकवणं मला जमतं, या माणसावरचा टिकेना.

शर्टाचं बटण

भीतीबद्दल लोक विचारतात. मरणाची भीती मला एकदाच नीट वाटली, एका दुपारी कपडे वाळत घालताना. टियाचा मोजा हातात होता, आणि एकदम वाटलं की हा पाय मोठा होताना मी बघणार नाही. मी त्या दोरीखाली बसून राहिलो. लीना आली, तिला मी लपवलं नाही. ठरल्याप्रमाणे तिला पहिलं कळलं. तिने माझ्या हातातून मोजा घेतला, दोरीवर लावला आणि शेजारी गवतात बसली. बस्स.

दुसरी भीती रोजची होती. चौथ्या फेरीनंतर टियाच्या शर्टाचं बटण मला लावता येईना. बोटांच्या टोकांवर जणू कुणी मेण ओतलं होतं. बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याची उंच शिवण असते. शॉर्टस्टॉप ग्लव्हमध्ये हात घालतो, बोटांना शिवण लागते, आणि बघायच्या आत चेंडू फेकला जातो. मी घरी चेंडू हातात घेऊन बसायचो. शिवण दिसायची, लागायची नाही.

जानेवारीच्या अखेरीस स्कॅन स्वच्छ आला. आई रडली, मी टियाला उचलून फिरवलं, आणि लीनाने सगळ्यांदेखत सांगितलं की आता घरात मी कुणावर ओरडलो तर आजारी म्हणून माफी मिळणार नाही.

बोटांचं डॉक्टर म्हणाले, सुधारतील, किती ते सांगता येत नाही. मी म्हटलं, आकडा सांगा. म्हणाले, आकडा नाही. असा भाव न सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

शंभर चेंडू

हिवाळाभर मी रोज गॅरेजमध्ये भिंतीवर चेंडू मारला. नेट बसवायची कामं सुरू केली, स्क्रू आधी हातातून पडायचे, मग कमी पडायला लागले. केंता दुसऱ्या मोसमासाठी परत आला. माझा करार अजून एक मोसम होता, जागा कुठेच लिहिलेली नव्हती.

सप्टेंबरमध्ये मी ग्रँटपुढे प्रस्ताव ठेवला. शंभर चेंडू, शॉर्टस्टॉपच्या जागेवरून. नव्वद वेळेत पोचले तर जागा माझी. तो पंचाण्णव म्हणाला. ब्याण्णववर आलो.

अडवले मी अठ्ठ्याण्णव. पाय, फुफ्फुसं, नजर, सगळं जागेवर होतं. पण ग्लव्हमधून चेंडू काढताना प्रत्येक वेळी मी खाली बघत होतो. निमिषभर. बोटांना कळत नव्हतं म्हणून डोळ्यांना विचारत होतो. लांबची फेक तेवढ्याने उशिरा पोचत होती. वेळेत पोचले शहाऐंशी.

‘‘घड्याळ उशिरा दाबलं!’’ मी ओरडलो. घड्याळ धरणाऱ्याने ते खाली ठेवलं आणि पाणी प्यायला गेला.

ग्रँट जवळ आला. ‘‘मी तुला वचन देऊन मोडलं. तू गाठ लपवून सही घेतलीस. आता फिटलं म्हणू या?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं. मग नको.’’

घरी जाऊन मी लीनाला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘लांबची फेक उशिरा पोचते. जवळची?’’

टेस्टरचा प्रश्न. मी रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत त्यावर चिडलो. दुसऱ्या बेसचा खेळाडू पहिल्या बेसच्या खूप जवळ असतो. तिथून निमिषभराचा उशीर खपतो. शॉर्टस्टॉप म्हणून संपलेले लोक तिथे जातात. मी अकरा वर्षं त्यांना हसलो होतो.

सकाळी ग्रँटला फोन केला. ‘‘मला दुसऱ्या बेसवर घे.’’

‘‘यात तुझी चलाखी काय आहे?’’

‘‘करारात लिही. दुसरा बेस. शब्द लिहून.’’

‘‘जागा कुणी करारात लिहीत नाही, जेरी.’’

‘‘मग तू लिहिणारा पहिला.’’

त्याने लिहिलं. आमच्या क्लबात करारात जागा लिहिलेला मी एकटा आहे. हवी होती ती जागा नव्हे, पण शाईने.

तोंड उघडं

पहिला सामना घरच्या मैदानावर. आई, लीना आणि टिया कुंपणाशी खुर्च्या टाकून बसल्या होत्या. तिसऱ्या इनिंगमध्ये समोरच्या संघाचा एक माणूस पहिल्या बेसवर होता, एक बाद झालेला. अशा वेळी चेंडू आमच्या पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, परत आला तर दुसऱ्या बेसवर धावून कोण जाणार, हे शॉर्टस्टॉप ठरवतो. तो ग्लव्हने तोंड झाकतो, म्हणजे समोरच्यांना दिसू नये, आणि दुसऱ्या बेसवाल्याला दाखवतो. तोंड मिटलेलं म्हणजे मी. उघडं म्हणजे तू. बहुतेक शॉर्टस्टॉप तोंड मिटतात, कारण त्यांना सरळ पळत येऊन फेकता येतं, आणि कारण ते शॉर्टस्टॉप असतात. मी तर अकरा वर्षं तोंड उघडलंच नव्हतं.

केंताने ग्लव्ह वर केला. तोंड उघडं.

मला वाटलं तो जांभई देतोय. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने आणखी मोठं उघडलं, दाताच्या डॉक्टरकडे उघडतात तसं.

पिचरने फेकला, मारणाऱ्याने मारला, आणि चेंडू टण्णकन पिचरच्या ग्लव्हमध्ये. तो वळला आणि दुसऱ्या बेसकडे फेकला. मी तिथे पोचलो होतो. पाय बेसवर, तिथे येणारा बाद. पहिल्या बेसवरून निघालेला माणूस माझ्या नडगीच्या दिशेने घसरत येत होता. खाली बघायला वेळ नव्हता. मी ग्लव्हमध्ये हात घातला, बोटांना काही लागलं नाही, तरी हात फिरवला. चेंडू माझ्या हातात होता की नव्हता हे मला सांगता आलं नसतं. पहिल्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये तो थाडकन वाजला तेव्हा कळलं की मी तो फेकलाय.

एका चेंडूत दोन बाद, आधीचा धरून तीन, त्यांची पाळी संपली. कुंपणाकडून आईचा आवाज आला, कुणालातरी मराठीत सांगत होती, ‘‘माझा मुलगा! कॅन्सर होता त्याला! खाली!’’ शेजारचा माणूस काही न कळून टाळ्या वाजवत होता.

डगआउटमध्ये, आमच्या बाकांकडे, जाताना मी केंताला गाठलं. ‘‘वेडा आहेस का? तो तुझा चेंडू होता. माझी बोटं अजून पन्नास टक्के आहेत. गेला असता म्हणजे?’’

एका वर्षात त्याने बरंच इंग्रजी उचललं होतं. ‘‘नो वरीज, मेट,’’ तो म्हणाला आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

सातव्या इनिंगमध्ये पुन्हा पहिल्या बेसवर माणूस आला. मी केंताकडे बघितलं. त्याने ग्लव्ह तोंडासमोर धरला.

तोंड उघडं. परत मीच.